आधी कडी, मग दार

एका गावात एक भोळा गडी होता. गाव त्याला भोळा म्हणायचं ते तो समोर असताना. पाठ वळली की दुसरा शब्द वापरायचं. त्याचं नाव शिदू.

शिदूला हौसा नावाची बायको होती. एक म्हैस होती. थोडी जमीन होती. आणि अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी होती, तिला दार नव्हतं. दाराच्या जागी गोणपाट लटकत असे. हौसा म्हणायची, "अवो, दार करा." शिदू म्हणायचा, "करू की." करू करू म्हणता वर्ष सरलं.

धुळवडीच्या दिवशी पोरांची टोळी बोंबा मारत अंगणात शिरली. हौसा न्हाणीत होती. नेमका वारा सुटला आणि गोणपाट उडालं. पोरं हसत पळाली. हौसा ओल्या केसांनिशी बाहेर आली, गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "मी चालले माहेरी. यंदा काय करायचं त्ये आधी ठरवा. ठरलं तर पाडव्याला न्यायला या. न्हाई ठरलं तर येऊच नगा."

आणि ती खिंड ओलांडून गेली.

शिदू घाबरला. हौसावर त्याचा फार जीव. पण ठरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरात आजवर जे ठरलं ते हौसानं ठरवलं होतं.

गावात ठरवण्यात वाकबगार असा एकच माणूस होता, दिनकरराव. ते शहरात जाऊन 'नवं वर्ष, नवा मी' नावाच्या शिबिराला बसून आले होते. तेव्हापासून ते बोलताना डोळे मिटायचे. त्यांच्या घरावरची कौलं फुटली होती. ती बदलायचं दरसाल इतकं पक्कं ठरायचं, की प्रत्यक्ष बदलायला सवड उरत नसे.

शिदू त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. "दिनकरराव, वरीस कसं ठरवत्यात?"

दिनकररावांनी डोळे मिटले. "आधी शेवट बघावा, शिदू. आणि तिथून सुरुवात करावी."

"शेवटापासनं?"

"शेवटापासूनच. जगात सगळी मोठी माणसं असंच करतात."

शिदू विचार करत घरी आला. दाराचा शेवट काय? आधी फळ्या, मग बिजागऱ्या, मग कडी, मग कडीला कुलूप. म्हणजे शेवट कुलूप. त्यानं बाजारातून लांब साखळीची कडी आणि चांगलं दणकट कुलूप आणलं. चौकटीच्या या अंगाला साखळी ठोकली, त्या अंगाला कोयंडा. साखळी ताणून कोयंड्यात अडकवली आणि कुलूप घातलं. गोणपाट आड येत होतं म्हणून काढून टाकलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

शेजारची कोंडाबाई बघायला आली. तिच्यामागोमाग तिची शेळी आली. शेळी साखळीखालून न्हाणीत शिरली.

"शिदू, कुलूप कशाला रं?"

"दाराला."

"दार कुठं हाय?"

"त्ये अजून करायचं हाय."

कोंडाबाईनं ही गोष्ट चावडीपर्यंत पोचवली. चावडीवरून ती दिनकररावांकडे गेली. त्यांनी शिदूला बोलावून घेतलं. "अरे, घरात जुनंच खच्चून भरलंय, मग नवं येणार कुठून? नको ते आधी बाहेर काढ. ज्या वस्तूला तुझा वर्षभरात हात लागला नाही, ती गेलीच पाहिजे."

हे शिदूला पटलं. तो घरी आला आणि एकेक वस्तू पुढ्यात घेऊन आठवू लागला. केरसुणी? कधी हात लावला नव्हता. बाहेर. पाटा-वरवंटा? बाहेर. तवा, परात, पोळपाट? बाहेर. हौसाच्या रुखवतातला तांब्या, जो दर पाडव्याला ती गुढीवर पालथा घालायची? बाहेर. कुदळ आणि खुरपं हाती आलं तेव्हा शिदू थोडा थबकला. ती तर त्याचीच होती. पण खोटं कशाला बोलायचं? तीही गेली बाहेर.

मग तो गोठ्यात गेला. म्हशीची धार हौसा काढायची, शेण हौसा, वैरण हौसा. हौसा गेल्यापासून ते सगळं कोंडाबाई करायची आणि दूधही तीच न्यायची. शिदूनं म्हशीचं दावं सोडलं.

घरात उरलं त्याचं अंथरूण. त्याला मात्र त्याचा रोज हात लागत होता.

अंगणातलं सामान शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ज्याला जे आवडलं ते उचललं. तांब्या कोंडाबाईनं नेला. म्हैस मात्र शहाणी होती. ती कुणाच्या हाती लागली नाही. खिंड ओलांडून ती सरळ हौसाच्या माहेरी गेली.

दिनकररावांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे उघडे राहिले. "अरे, लोक घर धुऊन नेत होते, तेव्हा तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही? 'नाही' म्हणायला शिक! ज्याला 'नाही' म्हणता येतं, वर्ष त्याचं."

"एवढंच?"

"एवढंच लोकांना जमत नाही."

शिदूनं मनाशी खूणगाठ बांधली. वाटेत सुतार भेटला. तो म्हणाला, "शिदू, वाड्याच्या कामातल्या फळ्या उरल्यात. तुज्या न्हाणीला दार ठोकून देऊ? पैसं नगं."

"न्हाई," शिदू म्हणाला. ते इतकं सोपं गेलं, की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी हौसाचा थोरला भाऊ किसन उन्हातून चालत आला. "दाजी, म्हैस आमच्याकडं आली. तुमी कवा येताय? पाडव्याला येणार न्हवं न्यायला?"

"न्हाई."

किसन चमकला. "म्हंजी? अजून राग हाय?"

"न्हाई."

"मंग काय झालंय? बरं, घोटभर पाणी तरी द्या."

"न्हाई."

"दाजी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"न्हाई," शिदू हसून म्हणाला.

किसन तहानलेलाच परत गेला. शिदू धावत दिनकररावांकडे गेला, शाबासकी घ्यायला. त्याला वाटलं होतं पाठीवर थाप पडेल. दिनकररावांनी कपाळावर हात मारून घेतला, तोही स्वतःच्याच.

"ऐक," ते म्हणाले. "मागचं सगळं विसर. आता एकच. पाडव्याला आपण जे करतो ना, तेच वर्षभर होत राहतं. उद्या पाडवा आहे. उद्या जे करशील ते आधी स्वतःला विचारून कर, की हे मला वर्षभर चालेल का? चालेल तर कर. चालणार नसेल तर सोड. आणि जा, बायकोला घेऊन ये."

पाडवा उजाडला. शिदूला जाग आली. पडून राहणं त्याला वर्षभर चाललं असतं. पण मग हौसा वर्षभर तिकडेच राहिली असती. तो उठला. थंड पाण्यानं अंघोळ, वर्षभर चालंल का? न्हाई. ती सोडली. कोंडाबाईनं कडुलिंब आणि गूळ आणून दिला. वर्षभर कडू? न्हाई. गूळ चालंल. गूळ खाल्ला. समोर तिच्या गुढीवर हौसाचा तांब्या चमकत होता. शिदूनं त्याला भक्तिभावानं हात जोडले.

खिंडीत त्याच्या पायात काटा रुतला. तो काढायला खाली बसणार, तोच सावध झाला. वर्षभर काय काटेच काढत बसायचं? तो तसाच लंगडत निघाला. पुढं एक म्हातारा लाकडाची मोळी जमिनीवर टेकवून उभा होता. "बाबा, जरा हात लाव रं डोक्यावर घ्यायला."

"वर्षभर लावू व्हय?" शिदू म्हणाला आणि पुढं गेला. म्हातारा बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत होता.

सासुरवाडीला पोचला तेव्हा ओसरीवर सासरे बसले होते. किसनही होता, मान फिरवून. सासरे म्हणाले, "पाव्हणं, काल तर न्हाई म्हणाला हुता."

"तवा शिकत हुतो, मामा."

"काय शिकत हुता?"

"वरीस ठरवाया." आणि शिदूनं एका दमात सांगून टाकलं. "आधी शेवट बघितला. मंग नगं त्ये समदं घराभाईर काढलं. न्हाई म्हणाया शिकलो. आता जे करतो त्ये इचारून करतो. पाडव्याला जे हुतं त्येच वर्षभर हुतं, म्हणून आज लई जपून हाय."

सासऱ्यांनी किसनकडे बघितलं. किसननं मान सरळ केली. असलं बोलणं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. जावई सुधारला, असं सासऱ्यांनी आत जाऊन सासूला सांगितलं. सासूनं पुरणपोळीवर तुपाची धार धरली. "आनखी वाढू?"

शिदूनं डोळे मिटून विचार केला. "चालंल."

जेवण त्याला इतकं चाललं, की सासूला दुसऱ्यांदा तूप कढवावं लागलं. मग तो ओसरीवर आडवा झाला. तेही चाललं.

उन्हं कलली. हौसा दाराआड उभी राहून हळूच म्हणाली, "न्हाणीचं काय झालं?"

"कडी बसीवली," शिदू म्हणाला. "साखळीची. कुलूपबी हाय. ही बघ किल्ली." त्यानं करगोट्याची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली.

हौसानं ती मुठीत घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आन घर?"

"मोकळं. लख्ख. कुठं म्हून काय न्हाई."

हौसाला वाटलं, आपला नवरा आपल्याला नव्यानं मिळाला. तिनं गाठोडं बांधलं. सासूनं लेकीची ओटी भरली. किसननं म्हशीचं दावं सोडून तिच्या हाती दिलं. सगळे दारापर्यंत आले. शिदूचं मन भरून आलं होतं. आता ही आपल्याबरोबर घरी येणार, चूल पेटवणार, आपल्याला ओरडणार. एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. आणि तिथंच त्याला आठवण झाली.

बायकोला माहेराहून न्यायला येणं. हे मला वर्षभर चालंल का?

शिदूला घाम फुटला. आज न्यायला आलो, तर वर्षभर न्यायलाच यावं लागणार. म्हणजे ही वर्षभर इथंच असणार! केवढा घात होता होता राहिला.

"हौसा," तो म्हणाला, "तू आत जा."

"आं?"

"आज न्हाई न्यायचं तुला. आज नेलं तर वर्षभर न्यायाच यावं लागंल. म्हंजी वर्षभर तू हितं. मला न्हाई करमत गं तुज्याबिगार. एक दिस कळ काढ. उद्या येतो."

हौसाचा उचललेला पाय थांबला. म्हैससुद्धा थांबली. हौसा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"जाताय?" तिनं विचारलं.

"निघालो," शिदू म्हणाला. एवढा मोठा घोटाळा टाळल्याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. पायातला काटा सोडला तर सगळं ठीक होतं.

गावात शिरताना दिनकररावांचा ओटा लागला. ते फुटक्या कौलांखाली डोळे मिटून यंदाची कौलं ठरवत होते. शिदूनं सगळं सांगितलं. दिनकररावांनी एक डोळा उघडला.

"म्हणजे पाडव्याच्या दिवशी तू बायकोला माहेरी सोडून एकटा घरी आलास?"

शिदूनं 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तो खिंडीत होता. लंगडत, पडत, उठत तो सासुरवाडीला पोचला. सासरे दारात उभे होते. मागे हौसा होती. तिच्या हातात किल्ली तेवढी दिसत होती.

"मामा, आलो! आज न्हेतो हौसाला!"

"पाव्हणं," सासरे शांतपणे म्हणाले, "पाडव्याला जे हुतं त्येच वर्षभर हुतं. तुमीच सांगितलं. काल तुमी लेकीला हितं ठिवून गेलासा. आता वर्षभर ऱ्हाईल ती हितं."

शिदूनं विचार केला. सगळीकडून फिरवून बघितलं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. त्याला रडू आलं, आणि तो खरंच रडला.

हौसानं किल्ली त्याच्या हातावर परत ठेवली. मग दार लागलं. सागवानी, जाड, चांगलं दार होतं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. शिदूनं नाक पुसलं आणि दार वरपासून खालपर्यंत नीट निरखलं.

"मामा," त्यानं बाहेरून हाक दिली, "कडी आतनं असती व्हय?"

सासऱ्यांनाच राहवलं नाही. शेवटी जावई होता. दाराआडून ते म्हणाले, "जावा आता घरी. दार करा न्हाणीला. आन पुढच्या पाडव्याला या न्यायाला. देतो धाडून."

शिदू चार पावलं गेला. मग थांबला आणि परत आला. दाराला तोंड लावून, मोठ्या माणसाची चूक सुधारताना बोलतात तशा हळू आवाजात तो म्हणाला, "पुढच्या पाडव्याला न्यायाला कसा येऊ, मामा? त्या दिशी पाडवा असंल न्हवं!"

आतून कडीवर अडसर सरकल्याचा आवाज आला.