उंदराच्या घरातलं वाऱ्याचं भोक

देवाशपथ, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण खरी आहे.

फार पूर्वी बांधातल्या एका उंदरानं धामणीच्या धास्तीनं बिळाला एकच दार ठेवलं. आत त्याची दोन पिल्लं धापा टाकू लागली.

"अहो, वर एक भोक पाडा. वारा खालून येईल, कोंदट हवा वरून जाईल," उंदरीण म्हणाली.

"आणि धामणीला दुसरं दार? शहाणीच आहेस!"

"धामण येईल तेव्हा येईल. धाकटं आत्ताच निळं पडलंय."

उंदीर पुटपुटत उकरू लागला. माती ढासळली, वारा आला, धाकटं हललं. तेवढ्यात खालच्या दारातून धामणीनं तोंड घातलं. दोघांनी एकेक पिल्लू दातांत धरलं आणि वरच्या भोकातून निसटली.

सगळं खरं. नवऱ्यानं बायकोचं ऐकलं, तेवढं मात्र मी रचलंय.