पियानोला कळ आली!

"...सरकारांच्या पियानो... गाभण! अगं, खरंच!"

एवढंच माझ्या कानावर आलं, मधेच मेला रहाट करकरला! राजवाड्यात झाडलोट करणारी कोंडाई विहिरीवर कुणाला तरी सांगत होती. मी भिंतीआड उभी. चोरून ऐकायला नव्हे हो! आमची चिंगी मांजर दोन-तीन दिवस घरी फिरकली नव्हती, तिला शोधत होते. पण कानांना का कुठे झाकण असतं?

बातमी पोटात मावेना. तडक शेजारी म्हाळूच्या घरात शिरले. म्हाळू म्हणजे राजवाड्याच्या पालखीवाल्या भोयांचा नाईक. बघते तर घरात चूल थंड, आणि म्हाळू गुडघ्यात डोकं घालून बसलेला.

"मावशी, गाव सुटलं आमचं!"

सरकारांचा हुकूम झाला होता. उद्या पियानो टेकडीवरच्या नव्या राजवाड्यात न्यायचा. हत्तीवरून! पण अगदी मुक्यानं. नव्या घरात त्याचा पहिला सूर खुद्द सरकार काढणार. त्याआधी वाटेत एक जरी सूर वाजला, तर न्यायला लागलेल्या भोयांची अख्खी आळी रिकामी!

"हत्तीवर बसलं की दिवाणजींचे दातसुद्धा वाजतात," म्हाळू म्हणाला. "पियानो कसा गप बसेल?"

"आणि त्यात तो गाभण!" मी म्हटलं.

म्हाळूची लेक सुंद्री कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"कोण गाभण, मावशी?"

"पियानो! कोंडाईच्या तोंडून ऐकलं."

"सगळं ऐकलंत?"

"निम्मं. पण निम्म्यात सगळं आलं की!"

"आणि तुमची चिंगी कुठाय?"

"विषय बदलू नकोस गं!"

सुंद्री पदर तोंडाला लावून हसली, मग एकदम गंभीर झाली. "मावशी, ही बातमी कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका हं!"

मी कशाला सांगते? पाणवठ्यावरच्या बायकांना तेवढं सांगितलं, आणि त्यांनाही बजावलं की कुणाला सांगू नका.

सकाळी राजवाड्यापुढे हीऽ गर्दी! कुणी हिरव्या बांगड्या आणल्या, कुणी खणानारळानं ओटी भरायला आली, कासारणीनं तर पियानोच्या पायांची मापंसुद्धा घेतली. हत्ती झूल घालून दारात उभा. सरकार बाहेर आले ते कडाडतच.

"काय चाललंय हे?"

सुंद्री पुढे झाली. "सरकार, पोटुशीला कुणी हत्तीवर चढवतं का? वाटेतच मोकळी व्हायची!"

"मूर्ख पोरी! लाकूड कधी गाभण राहतं?"

"नुसतं लाकूड असतं, तर सरकारांनी त्याला इतकं जपलं असतं का?"

दिवाणजींनी घसा खाकरला. "सरकार, पियानो 'तो'. 'तो' कसा गाभण राहील?"

"साहेबाच्या देशातून आलाय, दिवाणजी! तिकडच्या रीती तुम्हाला ठाऊक आहेत का?"

एवढं दिवाणजींना सुनावून सुंद्रीनं हात जोडले. "माझ्यावर विश्वास नको, सरकार. कान लावून बघा."

सरकारांनी पियानोला कान लावला. आत काहीतरी खुडबुडलं! सरकारांचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू फुलला, आणि शेवटी लालबुंद झाला.

"दिवाणजी! तरी आम्ही म्हणत होतो, तो तबला पियानोच्या खोलीत ठेवू नका!"

झालं! हत्ती गेला पिलखान्यात. सुंद्री सांगेल तसं सगळं होऊ लागलं. भल्या मोठ्या बाजल्यावर गाद्या अंथरल्या, त्यांवर पियानो ठेवला, चारी बाजूंनी लोड लावले. वरून राणीसाहेबांची शाल. भोयांनी बाजलं खांद्यावर घेतलं आणि लेक माहेरी आणावी तसे एकेक पाऊल जपून टाकत निघाले. दोन्ही बाजूंनी आम्ही बायका, ओठ घट्ट मिटून. मला किती जड गेलं, माझं मला ठाऊक!

अर्धी टेकडी चढून झाली. एवढ्यात एका भोयाचा पाय खड्ड्यात गेला, बाजलं हिंदकळलं, आणि—

टण्णण्ण!

सगळे जागच्या जागी गोठले. म्हाळूनं डोळे मिटून घेतले.

"वाजला!" सरकार गरजले. "कुणी दाबली? कुणी दाबली ती कळ?"

"दाबली नाही, सरकार!" सुंद्री म्हणाली. "कळ आली!"

"काय?"

"दिवस भरलेत बिचारीचे! कळ यायचीच. हुकूम सुराचा होता, कळेचा नव्हता. आणि आलेली कळ दाबून धरता येते का, ते राणीसाहेबांनाच विचारा!"

मागच्या मेण्याचा पडदा सरकला. "चार वेळा भोगलंय आम्ही!" आतून राणीसाहेब कडाडल्या. "पोर खरं बोलतेय! उगाच ओरडू नका तिच्या उशाशी!"

सरकारांनी मुकाट्यानं आवाज खाली आणला. तेवढ्यात पियानोतून बारीक आवाज आला, "मियूं..."

सरकारांनी हलक्या हातानं झाकण उचललं. आत आमची चिंगी! डोळे वटारून बघतेय, आणि पोटाशी तीन ओली पिल्लं!

सरकार आधी पिल्लांकडे बघत राहिले, मग सुंद्रीकडे, मग दिवाणजींकडे. आणि असे हसले, असे हसले, की पियानो पुन्हा टण्णकन वाजला! ह्या खेपेला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"पोरी, जिंकलीस!" डोळे पुसत सरकार म्हणाले. "भोईआळी कायमची भोयांची! कुणी हात लावायचा नाही. आणि हे तुझं." गळ्यातला मोत्यांचा कंठा त्यांनी सुंद्रीच्या ओंजळीत टाकला.

"आणि पहिला सूर, सरकार?" दिवाणजींनी विचारलं.

"हळू बोला! बाळंतीण झोपलीय. पिल्लं डोळे उघडेपर्यंत पियानो मुका!"

परतताना कोंडाई भेटली. म्हणाली, "मी कधी म्हटलं पियानो गाभण? मी म्हटलं, पियानोत मांजर, गाभण!"

बघा! म्हणजे मी ऐकलं ते काही अगदीच खोटं नव्हतं. एक मांजर आणि एक 'त', एवढंच काय ते रहाटानं गिळलं होतं!