धुके पाडणारा कामाला निघाला

एका राज्यात दिवस उजाडत असे, पण ऊन पडत नसे. राखेच्या रंगाचा उजेड येई आणि राखेच्याच रंगाने निघून जाई. सात वर्षे त्या राज्यावर धुके बसून होते. माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून नव्हे, खोकल्यावरून ओळखत.

हे धुके अंजनक नावाच्या जादूगाराने पाडले होते. पूर्वी तो राजाचा हवापारखी होता. उद्या ऊन की पाऊस, हे सांगणे त्याचे काम. राजकन्येच्या लग्नाला त्याने लख्ख ऊन सांगितले आणि मंडपावर लिंबाएवढ्या गारा पडल्या. हत्ती बिथरला, वऱ्हाडी हसले, आणि राजाने भर मंडपात अंजनकाला कामावरून काढले. मग तो गावोगाव काम मागत हिंडला. लोक दारातूनच विचारत, "काय हो पारखी, आज घोंगडी घेऊ की नको?" आणि हसत दार लावून घेत. ते हसू त्याच्या काळजात रुतले. त्याने राज्यातले सगळे ऊन गोळा केले, एका तांब्याच्या घागरीत कोंडले, वर झाकण बसवले, आणि काळकड्यावरच्या गढीत एकटा राहू लागला.

एवढे ऊन घागरीत मावले का? मावले. घागर तेवढी आतून उजळलेली असे.

सात वर्षांत गढीवर कोणी आले नाही. आठव्या वर्षी एक बाई कडा चढून आली. तिच्या पाठीला एक मुलगी घट्ट बांधलेली होती.

"मी कुसुंबा, रंगारीण. काम आहे का?" ती म्हणाली. त्या राज्याची रीतच होती. काम मागणाऱ्याने आधी नाव सांगायचे, मग काम मागायचे. काम देणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे.

"रंगाचे काम सोडून इतक्या वर का आलात?" अंजनकाने विचारले.

"रंगाचं काम राहिलंय कुठं! या मेल्या हवेनं लुगडं महिनाभर वाळत नाही. गिऱ्हाईक लाल सांगून जातं आणि बुरशी धरलेलं हिरवं घेऊन जातं. सात गावं पालथी घातली. सगळे म्हणतात, हवा सुधारली की या."

"मुलीला खाली उतरवा. जरा टेका."

"उतरवत नाही. उडून जाईल."

तेव्हा अंजनकाने नीट पाहिले. मुलीला घोट्यांखाली पाय नव्हते. तिथे नुसते धुके होते. धुक्यात जन्मलेले मूल सातव्या वर्षी धुके होऊ लागले आहे, हे त्या राज्यात सर्वांना ठाऊक होते. अंजनकाला नव्हते, कारण तो गढी सोडून खाली उतरलाच नव्हता.

"ही हळदुली," कुसुंबा म्हणाली. "धुक्यात जन्मलेली पहिली. ही गेली की हिच्यामागून बाकीची जातील."

"काम नाही," अंजनक कसाबसा म्हणाला. ती निघून गेली, तसा तो धावत घागरीपाशी गेला. झाकण ओढले, निघाले नाही. मंत्र म्हटले, हलले नाही. हातांची कातडी सोलली गेली.

गढीखालच्या खडकावर एक टिटवी बसली होती. ती ओरडली, "हिसके देऊन काय होणार, पारखीबुवा?"

"तुला काही ठाऊक आहे?"

"सात वर्षं या खडकावर अंडी घेऊन बसले आहे. ऊन नाही म्हणून फुटत नाहीत. बसल्या बसल्या तुझी घागर काय पुटपुटते ते ऐकते. ऐक. तुझ्यामुळे ज्यांचं वाटोळं झालं, त्यांच्याकडे काम माग. नाव लपवू नकोस, मंत्र म्हणू नकोस. त्यांच्यापैकी तिघांच्या तोंडून 'उद्या या' निघालं पाहिजे. मंत्राचं एक अक्षर जरी उच्चारलंस, तर झाकण कायमचं बसलं म्हणून समज."

ही त्या राज्याची दुसरी रीत. संध्याकाळी ज्याचे काम मनाला येई, त्याला धनी म्हणे, "उद्या या." ज्याचे न येई, त्याला काही बोलत नसत. त्याच्या वहाणा रस्त्याकडे तोंड करून ठेवत.

अंजनक घागर कांबळ्यात गुंडाळून खाली उतरला. पहिल्या दारी म्हणाला, "मी अंजनक," आणि 'काम' म्हणायच्या आत दार बंद झाले. दुसऱ्या दारी अंगावर धुण्याचे पाणी पडले. अशी चाळीस दारे झाली. विहिरीवर एक सुतार भेटला, तोही काम शोधत होता.

"नाव बदला की, राव!" सुतार म्हणाला. "मी तीन गावांत तीन नावं सांगितली. काम कुठंच नाही ते सोडा. ओल्या लाकडाला रंधा लागत नाही. पण निदान शिव्या तरी बसत नाहीत."

"नाव तेच सांगायचं आहे," अंजनक म्हणाला.

"मग बसा उपाशी."

एक्केचाळिसाव्या दारी गोमा कुंभार राहत होता. नाव ऐकून त्याने अंजनकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"तू होय तो? ये, आत ये. बरा सापडलास. ही बघ माझी मडकी, तीन महिने झाले, पिळली तर पाणी निघेल. घे तो पंखा आणि घाल वारा. प्रत्येकाला. आतून आणि बाहेरून."

अंजनकाने तीनशे मडक्यांना वारा घातला. गोमा दिवसभर शेजारी बसून त्याला बोल लावत होता आणि मध्येच पाणीही देत होता. अंधारून आले तेव्हा एक मडके टिचकी मारल्यावर वाजले. गोमाने ते मडके कानाशी धरले, पुन्हा वाजवले, आणि त्याचे डोळे भरून आले.

"उद्या या," तो म्हणाला. कांबळ्यात झाकण एक वेढा फिरले.

काम देणारे दुसरे दार भिवरा नावाडिणीचे. तिचा नवरा धुक्यात खडकावर नाव आपटून बुडाला होता. तिने अंजनकाचे नाव ऐकले आणि काशाची थाळी त्याच्या हाती दिली. नावेच्या टोकाशी बसून थाळी वाजवायची, म्हणजे समोरून येणारी नाव बाजूला होईल. पहिल्या संध्याकाळी त्याच्या वहाणा रस्त्याकडे वळलेल्या होत्या. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, नाव सांगितले, काम मागितले. एकवीस संध्याकाळी वहाणा वळल्या. बाविसाव्या दिवशी बोटे फुटून थाळीवर रक्ताचे ठिपके उमटले होते. भिवराने ती थाळी नदीत धुतली.

"उद्या या," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "माझ्याशी बोलू मात्र नका." झाकण दुसरा वेढा फिरले.

तिसऱ्या दारी जायला त्याचे पाय उचलेनात. पण हळदुली आता छातीपर्यंत धुके झाली आहे, असे गावात बोलत होते. तो कुसुंबाच्या उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"मी अंजनक. काम आहे का?"

कुसुंबा काठीने रंग ढवळत होती. काठी थांबली.

"त्या दिवशी वर गढीत होतात ते तुम्हीच ना?"

"हो."

"माझ्या पोरीला खाली ठेवा म्हणालात."

"हो."

कुसुंबाने काठी उगारली. तो हलला नाही. मग तिने काठी टाकली आणि मुलीला पाठीशी बांधलेल्या पदराच्या गाठी सोडल्या. "ही बांधल्यावरही आता निसटते. हिचा हात धरून बसा. दुसरं काही करू नका. मला कढई उतरवायची आहे."

अंजनक हळदुलीचा हात धरून बसला. हात दवासारखा गार होता. दुपारी वारा सुटला आणि मुलगी दोरीला बांधलेल्या वस्त्रासारखी हवेत तरंगू लागली. तिला धरून ठेवणारा मंत्र त्याच्या जिभेवर आला. एका अक्षरात ती जमिनीला टेकली असती. त्याने दातांनी जीभ धरली आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"तुम्हाला घाबरायला होतंय का?" हळदुलीने विचारले.

"फार."

"मला पण. मग आपण गप्पा मारू. वर गढीत तुम्ही जेवायला काय करायचात?"

"करपलेली भाकरी."

"सात वर्षं करपलेलीच?"

"सात वर्षं."

ती खुदकन हसली. संध्याकाळ होता होता तिचे फक्त तोंड आणि तो एक हात उरला होता. कुसुंबा हात पुसत आली. अंजनकाने तिच्याकडे पाहिले. तिने ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शब्द निघाला नाही. ती वळली आणि त्याच्या वहाणांकडे गेली.

"उद्या या हं," हळदुली म्हणाली. "भाकरी न करपता कशी करायची ते दाखवते."

तिचे तर साऱ्यांहून जास्त वाटोळे झाले होते. घागरीचे झाकण तिसरा वेढा फिरले आणि उडाले.

सात वर्षांचे ऊन एकदम बाहेर आले. ते छपराला लागले, झाडांना लागले, नदी तळापर्यंत उजळली. माणसे घराबाहेर येऊन रस्त्यावर बसली. भिवराने नाव सोडून दिली आणि पाण्यावरच्या उजेडाकडे पाहत राहिली. हळदुलीला खांदे आले, गुडघे आले, शेवटी दहा बोटे आली. ती त्या नव्या पायांवर उभी राहिली आणि लगेच तिच्या पायाला खडा टोचला. "आई गं!" ती म्हणाली. कुसुंबा तिथेच मातीत बसली आणि त्या पायांना हात लावून रडली.

तिसऱ्या दिवशी गोमा कुंभार म्हणाला, "काय हे ऊन! मडकी तडकायला लागली." म्हणजे राज्य पूर्वपदावर आले. टिटवीची पिले खडकावर धावत होती.

ऊन सुटले त्याच रात्री राजा स्वतः पालखीतून आला होता. "अंजनका, मी तुला साऱ्यांसमोर हिणवले. तेही चुकलेच. तुझी जागा तुला परत देतो. उद्यापासून ये."

"महाराज, क्षमा असावी," अंजनक म्हणाला. "उद्या मला एका घरी बोलावले आहे."

कुसुंबाने त्याला कधी क्षमा केली नाही, आणि त्यानेही कधी मागितली नाही. पण रंगवलेले लुगडे सोळा हात लांब असते, आणि ते उन्हात ताणून धरायला दोघे लागतात. दुसऱ्या सकाळी तिने लाल लुगड्याचे एक टोक त्याच्याकडे फेकले आणि म्हणाली, "धरा नीट. जमिनीला लागता कामा नये."

लागले नाही.