निंबोऱ्याची हवा

"नळी आजच बसव! पण याद राख, निंबोऱ्याची हवा एका श्वासाइतकीही गाडीच्या पोटात जाता कामा नये. गेली, तर तुझी नोकरी गेली आणि राहतं घरही!"

खैरगडच्या महाराजांचा हा हुकूम ऐकून दगडू मिस्त्रीच्या हातातला पानाच गळून पडला. झालं होतं असं, की राजकन्येच्या लग्नात निंबोऱ्याचे राजे, म्हणजे महाराजांचे व्याही, चारचौघांत म्हणाले, "तुमची मोटार फार खोकते हो! दम्याचं औषध द्या तिला." महाराजांना ते असं झोंबलं, की निंबोऱ्याची हवा माझ्या गाडीला घेऊ देणार नाही, अशी त्यांनी तिथल्या तिथे शपथच घेतली. आता नातवाचं बारसं आलं. न जाऊन कसं चालेल? म्हणून मुंबईहून इंजिनाला हवा पुरवणारी नवी रुंद नळी आणली, गाळणीसकट. खोकल्याची सोय झाली. राहता राहिली शपथ!

"हवेबिगर इंजिन चालतंय व्हय कुठं?" दगडू लेकीपाशी कळवळला. "मोठ्यांच्या रुसव्यात आपलं घर जायचं, येसू!"

येसूने नळी धरली, बापाने पेच आवळले, आणि नळीच्या तोंडावर तिने उघडमीट होणारं पत्र्याचं एक झाकण तेवढं जास्तीचं बसवलं. ते शिवेवर लावायला म्हणून ती चाकावरच्या बापाशेजारी गाडीतही बसली.

गाडी खोकली नाही की शिंकली नाही. निंबोऱ्याच्या शिवेचा दगड ओलांडता ओलांडता येसू ओरडली, "आबा, थांबवा! म्हाराज, आता मी गाडीचं नाक दाबते. आपणबी आपलं दाबा."

"मी? मी कशाला?"

"गाडीनं शपथ पाळायची आन् धन्यानं श्वास घ्यायचा? लोक काय म्हणतील!"

महाराज इरेला पेटले. नाक दाबलं, तोंड मिटलं. येसूने झाकण लावलं. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं. महाराजांचे गाल फुगले, मिशा थरथरल्या, डोळे बाहेर आले आणि, "हाऽऽश!" छातीभर हवा आत गेली!

"मोडली! कार्टे, माझी शपथ मोडलीस!" महाराज गरजले. दगडूने डोळेच मिटून घेतले.

"कुठं मोडली? गाडीवरचं निशाण बघा की, म्हाराज. कुठं फडफडतंय?"

"निंबोऱ्याकडे."

"म्हंजे वारा आपल्याकडनं तिकडं चाललाय! निंबोऱ्याला सोताची हवा हाय कुठं? व्याही आजवर फुकटात आपलीच खात्यात. आपण त्यातली थोडी माघारी घेतली, एवढंच!"

महाराज असे हसत सुटले, की फेटा खांद्यावर आला. "काढ ते झाकण! दगडू, ते घर आजपासून तुझं!" आणि गळ्यातला कंठा त्यांनी येसूच्या ओंजळीत टाकला.

वेशीवर व्याही वाट बघत उभे होते. गाडी डौलात थांबली. महाराज उतरले, नातवाला छातीशी धरलं आणि व्याह्यांकडे वळून म्हणाले, "काय व्याही, आमची हवा मानवतेय ना?"