चिंगीला हवं लाल फूल

एक होतं पाखरू. इवलंसं, अंगठ्याएवढं. चोच बाकदार. नाव चिंगी शिंजीर.

इंदूकाकूंच्या बागेत होती जास्वंद. ऊन असो, थंडी असो, सदा हिरवीगार! तिला रोज एक लाल फूल यायचं. चिंगी यायची भुर्र भुर्र. मध प्यायची चुर्र चुर्र.

एक दिवस शेळी आली. कच कच कच! फूल खाऊन गेली.

चिंगी म्हणाली, "जास्वंदीबाई, जास्वंदीबाई, फूल दे!
माझं पोट रिकामं!"

जास्वंद म्हणाली, "कळ्या आहेत गं. पण माती घट्ट, मुळं आवळली. गांडूळदादा माती उकरेल, तर मी फुलेन."

चिंगी गेली भुर्र भुर्र.

"गांडूळदादा, गांडूळदादा, माती उकर!
जास्वंद फुलत नाही,
माझं पोट रिकामं!"

गांडूळ म्हणाला, "छे बुवा! माती टणक. माती भिजेल, तर मी उकरेन."

चिंगी गेली भुर्र भुर्र.

"मातीताई, मातीताई, भिज ना गं!
गांडूळ उकरत नाही,
जास्वंद फुलत नाही,
माझं पोट रिकामं!"

माती म्हणाली, "एकटी कशी भिजू? काकू पाणी घालतील, तर मी भिजेन."

चिंगी गेली भुर्र भुर्र.

"इंदूकाकू, इंदूकाकू, पाणी घाला!
माती भिजत नाही,
गांडूळ उकरत नाही,
जास्वंद फुलत नाही,
माझं पोट रिकामं!"

काकू म्हणाल्या, "अगं बाई! घातलं असतं गं. पण झारीत बेडूक बसलाय. तो उठेल, तर मी घालेन."

चिंगी गेली भुर्र भुर्र.

"बेडूकराव, बेडूकराव, उठा ना हो!
काकू पाणी घालत नाहीत,
माती भिजत नाही,
गांडूळ उकरत नाही,
जास्वंद फुलत नाही,
माझं पोट रिकामं!"

बेडूक म्हणाला, "डराँव! झारी कशी गार गार. मी नाही उठणार, जा!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. चिंगीला रडूच आलं. ती झारीच्या काठावर बसली. आत वाकून पाहिलं. बेडकाचं पोट दिसलं. गोल गोल, गुबगुबीत!

चिंगीनं हळूच चोच लावली.

गुदू गुदू गुदू!

"अगं! अगं! नको! डराँव! हा हा हा!"

टुणुक टुणुक! बेडूक बाहेर!

बेडूक उठला.
काकूंनी पाणी घातलं, झर झर झर.
माती भिजली, चुबुक चुबुक.
गांडुळानं उकरली, सुळ सुळ सुळ.
मुळांनी पाय पसरले, ऐसपैस!

जास्वंद म्हणाली, "हुश्श! आता उद्या सकाळी ये हं."

सकाळ झाली. चिंगी आली भुर्र भुर्र.

एक कळी उमलली. दोन कळ्या उमलल्या. तीन... चार... पाच! लाल, लाल, लालच लाल!

चिंगी या फुलावर, चुर्र! त्या फुलावर, चुर्र! पोट झालं टम्म.

चिंगीचं पोट भरलं, गोष्टीचंही भरलं!