भुरकीचा तोल

फार वर्षांपूर्वी सातपुड्याच्या रानात भुरकी नावाची म्हातारी वानरी राहत होती. एकदा उंबरावर उडी मारताना तिचा पाय सटकला आणि ती खाली आपटली. हाड मोडलं नाही, पण मनात भीती बसली.

मुलगा म्हणाला, "आई, आता तू बुंध्याशी बस. फळं आम्ही आणून देऊ."

भुरकी आयतं खाऊ लागली. पावसाळा सरेपर्यंत तिला उठतानाही आधार लागू लागला.

"पडू नये म्हणून बसले," ती म्हणाली, "आणि बसून बसूनच पडायची वेळ आली!"

मग ती रोज जमिनीलगतच्या आडव्या फांदीवर चालू लागली. पाय लटपटत. मुलगा ओरडे, "आई, पडशील!"

"पडले तर गवतावर पडेन. तू नुसता जवळ उभा राहा."

हळूहळू मांड्यांत बळ आलं.

उन्हाळ्यात पाणी आटलं. टोळीला घळीपलीकडे जायचं होतं, आणि घळीवर एकच वाळकं खोड आडवं पडलं होतं.

"आई, पाठीवर बस," मुलगा म्हणाला.

भुरकीने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच खोडावर पाय ठेवला. मध्यावर ती डगमगली, थांबली, शेपटीने तोल सावरला आणि पलीकडे पोचली.

मुलगा अजून अलीकडेच श्वास रोखून उभा होता.

"ये रे," तिने हाक मारली, "खाली तेवढं बघू नकोस!"