वेशीच्या किल्ल्या आणि फावडं

रोटेनवेर शहरात प्रेतयात्रा निघाली की चर्चची घंटा वाजत नाही. मयत गरिबाचं असो की सावकाराचं, नगरप्रमुख स्वतः फावडं घेऊन येतो आणि पहिली माती तोच लोटतो. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. पण त्यामागे एका बापाचं दुःख आहे, असं इथले जुने लोक सांगतात.

नदीपलीकडच्या टेकडीवर तेव्हा बिशपची गढी होती. शहराच्या वेशीच्या किल्ल्या आपल्या ताब्यात हव्यात, असा त्याचा हट्ट. शहर काही केल्या देईना. शेवटी चिडून त्याने शहरावर बहिष्कार घातला. घंटा वाजायची नाही, लग्नं लागायची नाहीत, मेलेल्याला पवित्र जमिनीत जागा नाही.

एबरहार्ड तेव्हा नगरप्रमुख होता. धंद्याने विणकर, स्वभावाने हेकट. गेर्डा नावाची बाई त्याच्या दारी रडत आली. "किल्ल्या देऊन टाका, माझ्या नवऱ्याला नीट पुरू द्या." तो म्हणाला म्हणे, "एका मयतासाठी सगळं शहर गहाण टाकू?" तिच्या नवऱ्याला वेशीबाहेरच्या कुरणात पुरलं. घंटा नाही, प्रार्थना नाही.

त्याच थंडीत एबरहार्डची मुलगी आग्नेस तापाने गेली. तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. बिशपचा निरोप आला, किल्ल्या आण, पोरीसाठी घंटा वाजवतो. बायकोने, मेख्टिल्डने, एबरहार्डचे पाय धरले. "द्या हो त्या किल्ल्या. घंटेवाचून पोरीला देवाघरची वाट कशी सापडेल?"

त्याने त्या दिल्या असत्या तरी शहराने त्याला बोल लावला नसता. किल्ल्या घेऊन तो वेशीपर्यंत गेलाही. तिथे गेर्डा उभी होती. ती त्याच्या हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिली. तो मागे फिरला.

कुरणात, गेर्डाच्या नवऱ्याशेजारी, त्याने स्वतः खड्डा खणला. गोठलेली जमीन फुटेना, हात मात्र फुटले. पहिली माती लोटताना तो ढसाढसा रडला म्हणे.

पुढे बिशप वारला. नव्या बिशपने किल्ल्यांचा हट्ट सोडून समेट केला, कुरणही पवित्र करून दिलं. पहिल्याच मयताला लोक घंटा वाजवायला धावले, तर मनोऱ्यात दोर धरून मेख्टिल्ड उभी. "माझ्या पोरीला नाही मिळाली. आता ज्याला हवी त्याने माझ्या डोळ्यांदेखत वाजवावी." कुणाची छाती झाली नाही.

आजही नवा नगरप्रमुख निवडला की आधी त्याच्या हाती फावडं देतात. वेशीच्या किल्ल्या त्यानंतर.